समोर एकच माणूस

आमच्या विहीणबाईंना हातात चांगलं पान आलं की त्या पदर खोचतात.

नुसता पदर खोचून भागत नाही. आधी खुर्ची पुढे ओढतात, फुलपात्रातलं पाणी घटाघटा पितात, पदर कमरेला आवळतात आणि मग पुढ्यातला चिंचोक्यांचा अख्खा ढीग दोन्ही हातांनी असा पुढे सारतात, की परातीतलं पीठ सारतायत असं वाटावं. वर एकच शब्द बोलतात, "सगळे." एव्हाना समोरच्याला कळलेलं असतं की बाईंकडे साधंसुधं काही नाही, राजांची जोडी तरी आहे. खाली गेटवरच्या वॉचमनलाही कळलेलं असतं. तरी समोरचा माणूस आपले चिंचोके घालतो आणि हरतो. का घालतो हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग लक्षात आलं, इतकं उघड कोणी करत असेल यावर लोकांचा विश्वासच बसत नाही.

आणि समोरच्याने घाबरून पानं टाकलीच, म्हणजे डाव सोडलाच, तर विहीणबाई आपली दोन पानं उलटून त्याला दाखवतात. तसा नियम नाही. सोडून दिलेल्याला काही दाखवावं लागत नाही. पण त्या दाखवतात. "बघून घ्या. होतं म्हणून बोलले."

खेळाचं नाव पोकर. नावाला घाबरू नका, मी घाबरले होते तेवढं पुरे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, मध्ये पाच उघडी, आणि सातांतून ज्याचा पाच पानांचा संच वरचढ, त्याचे चिंचोके. तीन पत्तीची जरा शिकलेली बहीण म्हणा. एरवी हा खेळ टेबलाभोवती सात-आठजण बसून खेळतात. विहीणबाई फक्त दोघांतला खेळतात. समोरासमोर, एकाचे चिंचोके संपेपर्यंत.

त्यामागे त्यांचं शास्त्र आहे. आठजण बसले असतील तर हातातल्या एकट्या राजाला कोणी विचारत नाही, कारण कोणाकडे तरी एक्का निघतोच. पण दोघंच असले तर? "समोर एकच माणूस आहे," विहीणबाई म्हणतात, "आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे काही नसतं हो. आपल्यासारखाच बसलेला असतो बिचारा. मग राजा आल्यावर बोलायला लाजायचं कशाला?" त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "फुकटात पान बघू द्यायचं नाही." म्हणजे असं की, आपल्याकडे चांगलं असताना गप्प बसलात, तर समोरचा एकेक पान आरामात बघत जातो आणि शेवटी त्याचंच काहीतरी जमून जातं. त्याला बघायचं असेल तर बघू दे, पण चिंचोके टाकून.

बाईंचं नाव शशिकला. राहतात बोरिवलीला. जन्मभर एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होत्या, त्यामुळे कोणाशीही बोलताना आधी "आऽ करा" म्हणतील असं वाटतं. माझी मुलगी अनघा त्यांची सून. मी मुलुंडची, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, हे गेल्यापासून एकटी राहणारी, आणि स्वभावाने त्यांच्या अगदी उलट. माझ्या हातात चारही एक्के आले तरी मी चेहऱ्याने चतकोर भाकरी मिळाल्यासारखी बसेन.

आमची पहिली भेट अनघाला बघायला आल्या तेव्हाची. त्या वेळची मी आठवली की मला आता हसू आवरत नाही. इस्त्रीची इरकली नेसून, कपाळावर नम्रतेच्या आठ्या घालून मी दारात उभी. बघायला आलेली मंडळी काय करतात? पोहे खातात, पंख्याकडे बघतात, पत्रिकेचं विचारतात आणि "कळवतो" म्हणून जातात. शशिकलाबाई आत आल्या, चपला काढल्या, अनघाने पाण्याचा ट्रे पुढे केला, तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मला मुलगी पसंत आहे. आता पोहे आणा, निवांत खाऊ."

आमच्या ह्यांनी पत्रिकेची पिशवी उघडली होती, ती तशीच बंद केली. आणि मी? मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन माझ्या भावाच्या कानात म्हटलं, "दादा, मुलात काहीतरी खोट असणार. एवढ्या घाईने कोणी हो म्हणतं का?" बिचाऱ्या दादाला मी दुसऱ्या दिवशी जोगेश्वरीला नवऱ्यामुलाच्या, केदारच्या ऑफिसबाहेर उभं केलं. तो दिवसभर चहाच्या टपरीवर बसून आला आणि म्हणाला, "पोरगा बरा आहे गं. फक्त चहात साखर जास्त घेतो."

लग्नात तर मी कहर केला. माझी आई मालवणची. तिने मला बजावून ठेवलं होतं, "चेडवाच्या आवशीन मान खाली घालूनच रवाचा." मुलीच्या आईने वाकायचं म्हणजे किती, याला मी मर्यादाच ठेवली नाही. विहिणीचे पाय धुवायला चांदीचं ताम्हण घेऊन बसले. त्यांनी पाय मागे घेतले. मी पुढे सरकले. त्या म्हणाल्या, "अहो, मी घरून धुऊन आलेय." मला वाटलं रुसल्या. मी आणखी वाकले, ताम्हण कलंडलं आणि पाणी त्यांच्या नव्या पैठणीवर. त्यावर त्या काय म्हणाल्या असतील? "आता झाले ना धुऊन? चला, जेवू." मी मात्र पुढची दहा वर्षं दर सणाला त्या पैठणीची क्षमा मागत होते. शेवटी त्यांनीच एका दिवाळीत ती पैठणी कापून मला दोन उशांचे अभ्रे शिवून दिले. म्हणाल्या, "हे घ्या, विषय संपला."

बाजारात त्या अशाच. मी फणस घ्यायला गेले की चार फणस नाक मुरडून बघते, पाचवा आवडलेला असतो त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, निघून जाते, परत येते. विहीणबाई सरळ भैयाला सांगतात, "हा सगळ्यात चांगला आहे, मला हाच हवाय, बोल." भैयाच गांगरतो. पन्नास वर्षांत त्याच्याशी कोणी असं बोललेलं नसतं. त्या घेऊन निघतात तेव्हा मी अजून तिसऱ्या फणसाला नाकं मुरडत असते.

पोकर त्यांच्या आयुष्यात उशिरा आलं. पूर्वी त्यांची पाचजणींची रमी होती, दुपारची. एक मुलाकडे नाशिकला गेली, एकीचे डोळे गेले, दोघी देवाघरी. एकटीने रमी कशी खेळायची? मग आमची नात मुक्ता, तेव्हा कॉलेजात होती, तिने आजीच्या मोबाइलमध्ये हा दोघांचा खेळ घालून दिला. समोर कोण असतं देवाला ठाऊक. पण विहीणबाई त्याच्याशी बोलत खेळायच्या. "ये रे बाबा, ये. विचार कर, घाई नाही. पाणी-बिणी पी." हरला की त्याची समजूतही काढायच्या. मुक्ता पुण्याला शिकायला गेली, आणि समोर खरं माणूस हवं म्हणून विहीणबाईंनी मला धरलं.

दर आठवड्याला दोन बसगाड्या बदलून मी बोरिवलीला जायची आणि संध्याकाळी परत. मुलीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, हीसुद्धा माझ्या आईचीच शिकवण. जेवायचं, तेही संकोचाने. आणि खेळायचं, तेही विहिणीच्या नात्याने. म्हणजे कसं, की त्या चिंचोके पुढे सारायच्या आणि मी पानं टाकायची. कधी पंजी-दुर्री टाकायची, कधी राजा-राणीही टाकायची. मला वाटायचं, व्याह्यांच्या घरी जिंकणं बरं दिसत नाही.

एकदा त्यांनी माझी टाकलेली पानं उलटून बघितली. राण्यांची जोडी.

"हे काय? जोडी टाकलीत?"

"तुमच्याकडे मोठं असेल म्हटलं."

"असेल म्हणजे? विचारलंत?"

"तुम्ही एवढा ढीग पुढे केलात..."

"विहीणबाई, तुम्ही माझ्याशी खेळताय की माझी ओटी भरताय?" त्या खरोखर चिडल्या होत्या. "अहो, दोघांच्या खेळात राण्यांची जोडी म्हणजे केवढं पान. ते घेऊन तुम्ही गप्प? आणि तुम्हाला काय वाटतं, थांबलं की चांगलं येतं? दर डावाला दोन चिंचोके घालावे लागतात ना? थांबण्यातच संपतात ते."

मी मान खाली घातली. सवय. पुढच्या डावाला पुन्हा पानं टाकली.

त्यांच्या सोसायटीत निम्मे गुजराती. श्रावणात आपण उपास करतो, ती मंडळी पत्ते खेळतात, आणि विहीणबाई दोन्ही करतात. यंदा तिथल्या मेहताभाईंनी हॉलमध्ये स्पर्धा ठेवली. श्रावणातल्या दर रविवारी, एकास एक, हरला तो बाहेर. पैसे नाहीत, चिंचोके. बक्षीस म्हणून गरम राहणारा मोठा डबा. सोसायटीबाहेरची असून मलाही पाहुणी म्हणून घेतलं.

मेहताभाई रेडिमेड कपड्यांचे व्यापारी, आणि खेळाडू म्हणून माझ्याच जातीचे. चांगलं पान आलं की उसासा सोडतात, छताकडे बघतात, "आज काय नशीबच नाय" म्हणतात. विहीणबाईंशी त्यांचा डाव पडला त्या दिवशी त्यांना एक्क्यांची जोडी आली. यापेक्षा मोठं पान नाही. मेहताभाईंनी असा उसासा टाकला की शेजारच्या काकूंनी त्यांना जेलुसिल देऊ केलं. आणि कमीत कमी चिंचोके टाकून ते गप्प बसले. विहीणबाईंकडे अठ्ठी-पंजी होती. एरवी ढीग बघून त्यांनी ती टाकलीच असती. पण कोणी हाकलतच नाही म्हटल्यावर बसल्या. मध्ये पहिली तीन पानं उघडली. राजा, अठ्ठी, पंजी.

विहीणबाईंनी पाणी प्यायलं. पदर खोचला. "सगळे."

मेहताभाईंनी हसत हसत एक्के उलटले, मग विहीणबाईंच्या दोन जोड्या बघितल्या, आणि पुढची दोन पानं येऊनही काही बदललं नाही तेव्हा हसायचे थांबले.

"एक्क्यांची जोडी घेऊन गप्प बसलात?" विहीणबाई त्यांच्यावरच खेकसल्या. "घरात श्रीखंड असताना पाहुण्याला नुसता तिखटाचा भुरका वाढलात मेहताभाई. आधी बोलला असतात तर मी उठून गेले असते ना."

"शशीबेन, तुम्ही जिंकला ना? मग रागावता कशाला?"

"रागावेन नाहीतर काय. चांगलं पान असं वाया घालवतात का?"

मी? मी अंतिम फेरीत पोचले. कसं ते विचारू नका. एकीला ताप आला, एकीच्या घरी सत्यनारायणाची पूजा निघाली, आणि उरलेले एक गृहस्थ माझ्यासमोर खेळता खेळता झोपले आणि त्यांच्या बायकोने त्यांना घरी नेलं.

अंतिम फेरीच्या आधीचा श्रावणी सोमवार. उपास सोडायला मी बोरिवलीलाच होते. दिवस मावळायच्या आत पानं वाढली होती. वालाचं बिरडं, अळूवडी, काकडीची कोशिंबीर. केदार ऑफिसमधून लवकर आला होता, आणि दोन घास झाल्यावर म्हणाला, "आई, कंपनी मला बंगळूरला पाठवतेय. गणपती झाले की. निदान चार-पाच वर्षं तरी. अनघालाही तिथे काम मिळतंय." मग जरा थांबून, "तू येतेस ना आमच्याबरोबर?"

अनघा हातातला घास तसाच धरून बसली होती.

विहीणबाईंनी पाणी प्यायलं, पदर आवळला. "मी कशाला? माझं सगळं इथे आहे. हॉल आहे, मंडई आहे, माणसं आहेत. मी एकटी मस्त राहीन. तुम्ही बिनधास्त जा."

केदारचा चेहरा सैल पडला. "मला माहीतच होतं तू असं म्हणणार. अनघाला म्हटलंही मी, आईच्या पोटात एक ओठात एक नसतं." आणि त्याने कोशिंबीर मागितली.

मुलगा चांगला आहे हो. दादाने खात्री करून दिली होतीच. आईने फणसापासून सुनेपर्यंत जे बोलायचं ते तोंडावर बोललेलं त्याने जन्मभर पाहिलं होतं. त्याने विश्वास ठेवला. अनघाने ठेवला. बसमध्ये बसून मीही कौतुकच करत होते, काय बाई धीराची आहे. मी असते तर ताटावरच रडले असते.

रविवारी हॉलमध्ये आम्ही दोघी समोरासमोर बसलो. खुर्च्या भरलेल्या. मेहताभाई पानं वाटत होते. केदार आणि अनघा बंगळूरच्या घरासाठी पडदे बघायला गेले होते.

पहिल्याच डावाला विहीणबाईंनी मोठा ढीग सारला. मी सवयीने पानं टाकली. त्यांनी आपली पानं गड्डीत सरकवली. दुसऱ्या डावाला पुन्हा ढीग. मी पुन्हा टाकली, त्यांनी पुन्हा सरकवली. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. जेवणात मीठ नसलं की आधी नुसतं चुकल्यासारखं वाटतं, तसं. मग कळलं. त्या पानं दाखवत नव्हत्या. "बघून घ्या" नाही, "होतं म्हणून बोलले" नाही. माझ्याकडेही बघत नव्हत्या. ढीग सारायचा, आणि खिडकीबाहेर गेटकडे बघत बसायचं.

माझे चिंचोके मूठभर उरले. मला राणी-नव्वी आली. आजवर मी याहून कितीतरी चांगली पानं त्यांच्यासमोर टाकली होती.

"सगळे," विहीणबाई म्हणाल्या.

मला आई दिसली, ताम्हण दिसलं, सगळं दिसलं. आणि मी मूठभर चिंचोके पुढे सारून म्हटलं, "बघते."

विहीणबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नीट विचार करा हं विहीणबाई."

"केला. दाखवा."

त्यांनी पानं उलटली. सत्ती आणि तिर्री. रंगही वेगवेगळे.

"शशीबेन?" मेहताभाई टेबलावर ओणवे झाले. "तुम्ही? सत्तीवर?"

मधल्या पाच पानांनी दोघींनाही काही दिलं नाही. माझी राणी जिंकली. त्यानंतर विहीणबाईंचं खेळात लक्षच नव्हतं. काहीही नसताना ढीग सारायच्या, मी बघायची. संध्याकाळच्या चहाआधी डबा माझ्या मांडीवर होता, आणि अख्खी सोसायटी मुलुंडच्या आजींनी काय खेळ केला म्हणून माझं कौतुक करत होती. मला कधी एकदा वर जाते असं झालं होतं.

वर घरी कोणी नव्हतं. विहीणबाईंनी चहा ठेवला. मी ओट्याला टेकून उभी राहिले. विहिणीच्या स्वयंपाकघरात अशी टेकून मी कधी उभी राहिले नव्हते.

"हे कधी शिकलात?" मी विचारलं.

"काय?"

"हातात काही नसताना सगळे सारायचं."

त्यांनी आलं किसून टाकलं. उकळी येऊ दिली. मग म्हणाल्या, "सोमवारी."

मी गाळणं त्यांच्या हातात दिलं.

"जमेल असं वाटलं नव्हतं हो. पहिल्या फटक्यात जमलं. पोटच्या पोराने पानं टाकली." त्या हसल्या, पण चहा कपाऐवजी बशीत ओतला. "मला वाटलं होतं, मी नाही म्हणेन. मग तो म्हणेल, असं कसं आई, तुला टाकून जाऊ का. मग मी म्हणेन, बघू. मग अनघा म्हणेल, बघू नाही, यायचंच. मग मी जरा कुरकुरेन, माझी भांडी, माझी तुळस. असंच असतं ना? कोणी पहिल्याच बोलावण्याला हो म्हणतं का? त्याने कोशिंबीर मागितली."

मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर पहिल्या फटक्यात मनातलं बोलून टाकणारी ही बाई, आणि नेमकी तिथे तिला आपली रीत आठवली. पहिल्यांदा नाही म्हणायचं, आग्रह झाला की हो म्हणायचं. माझी तर सगळी हयात त्या रीतीत गेली. लग्न झाल्यावर पहिल्यांदाच सांताक्रूझला ह्यांच्या मावशीकडे जेवायला गेले, तेव्हा पुरी वाढायला आली आणि मी "नको" म्हटलं. मावशी नोकरी करणारी, घाईची. "नको? बरं," म्हणून पुऱ्यांचं पातेलं घेऊन आत गेली. मी नवी नवरी, एका पुरीवर घरी आले आणि रात्रभर मावशीला माणुसकी नाही म्हणून रडले. तेव्हा मला कोणी सांगायला हवं होतं, की बये, तुला भूक होती, तर हो म्हणायचं होतंस.

पण हे मी विहीणबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार?

"मी केदारशी बोलते," मी म्हटलं.

"अजिबात नाही." दातांच्या दवाखान्यातला तो जुना आवाज. "सांगून करवलेला आग्रह मला नको. आणि त्याचं काही चुकलेलं नाही. त्यांनी तिथे घरही बघितलंय, दोन खोल्यांचं. आता तुम्ही बोललात तर तो धावपळ करेल, मोठं घर शोधेल, अनघा मनातून खट्टू होईल. मी बोलले ते बोलले. तुम्हाला शपथ आहे."

आम्ही चहा घेतला. बिस्किटं तशीच राहिली. खाली हॉलमधल्या खुर्च्या आवरल्याचा आवाज येत होता.

"माझ्याकडे चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"मुलुंडला. ते गेले की. मीही एकटीच असते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मुलाच्या आईने मुलीच्या आईकडे जाऊन राहायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. म्हणणारे आता उरलेत किती?"

"नाही हो विहीणबाई. तुम्ही म्हणालात यात आलं सगळं." त्यांनी कप उचलले, बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला.

एरवी मी इथे थांबले असते. समोरच्याने नाही म्हटलं की पानं टाकायची, हा माझा खेळ. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि धुतलेला कप पुसायला घेतला.

"पलीकडची खोली रिकामीच आहे. उजेड आहे तिला. तुळस गॅलरीत राहील."

"माझा आवाज मोठा आहे. तुम्हाला त्रास होईल."

"मी कानातलं यंत्र काढून ठेवीन."

"आणि मी तुम्हाला रोज हरवीन."

"आज कोण हरलं?"

त्यांनी दुसरा कप धुतला, तिसरा धुवायला नव्हताच, तर ओट्यावरचं एक भांडं घासायला घेतलं. ते आधीच लख्ख होतं.

"चला ना शशिकलाबाई," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. "मी उगाच बोलावत नाहीये. मला हव्या आहात तुम्ही."

त्यांनी नळ बंद केला. भांडं पालथं घातलं, ओट्यावरून फडकं फिरवलं, ते पिळून वाळत टाकलं. सगळं अगदी सावकाश.

"तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

"पहाटेचं. साडेपाचला."

"मग ते मी भरत जाईन," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा जाग असतेच."